बाटलीत उरलेलं

बुन्योन्यीवर सकाळी धुकं इतकं
की नावाडी आधी खोकतो, मग दिसतो.
मी बूट हातात धरून होडीत बसते.
मांडीवर पेटी: हातमोजे, गॉज,
जखमेचा वास मारायला कुटून आणलेल्या गोळ्या.
परवापर्यंत हिच्यात एक जुनी पाण्याची बाटलीही असायची,
आत मॉर्फिन, हिरव्या रंगाचं,
कुणी पाणी समजून पिऊ नये म्हणून.

केबिरुंगीच्या घरात घड्याळ नव्हतं.
पहिल्या दिवशी मी सांगितलं, दर चार तासांनी,
दुखो न दुखो.
दुखण्याची वाट बघायची नाही,
ते यायच्या आधी आपण दारात उभं राहायचं.
तिचा नवरा बारिग्ये नुसता मान हलवत होता.
पुढच्या खेपेला गेले, तर त्यानं दिवस बसवून ठेवलेला:
सहाला मिशनची घंटा
(कोंबडा नको, तो खोटारडा आहे),
दहाला पलीकडच्या बेटावरची शाळा सुटते,
तिथं ट्रकच्या चाकाची रिम बडवतात, ती ऐकू येते,
दोनला रेडिओवरच्या बातम्या,
सहाला परतणाऱ्या होड्या.
आणि झोपताना दुप्पट,
म्हणजे रात्र मध्ये फाटत नाही.

वही ओरिकिरिझाकडे. वय तेरा.
एका घोटाला एक खूण, बरोबरची,
शाळेत बाई करतात तशी.

आज चौथा दिवस.
उरलेलं औषध मोजून परत न्यायचं, असा नियम आहे.
बारिग्येनं मला बुशेरा दिली, ज्वारीची, आंबूस,
तीन दिवस आलेल्या-गेलेल्यांना पुरून उरलेली.
मी बाटली उजेडात धरली.
चाळीस मिली हवं होतं.
साठ होतं.

कमी भरलं की मला कळतं काय विचारायचं.
जास्त भरल्यावर काय विचारतात?

वही उघडली. गुरुवारी चार खुणा नाहीत.
रात्रीची तेवढी आहे.
ओरिकिरिझा पायाच्या बोटानं जमीन उकरत होती.
"मामा आला होता," म्हणाली.
"टेकडीवरच्या त्या पट्टीवरून अकरा वर्षं बोलत नव्हते.
आई म्हणाली, आज देऊ नको.
त्याला जे सांगायचंय ते मी सांगेन,
औषधानं सांगायला नको."

दिवसभर ती तशीच बसून राहिली, भिंतीला टेकून,
ब्लँकेटचं टोक दातात धरून,
आणि दात सुटले की बोलायची.

एवढ्या मात्रेनं शुद्ध जात नाही, केबिरुंगी.
तुला घोट घेऊनही भांडता आलं असतं,
याहून नीट भांडता आलं असतं.
हे सांगायचं माझं काम होतं.
मी तुला बद्धकोष्ठाचं सांगितलं, मळमळीचं सांगितलं,
झाकण घट्ट लावायचं सांगितलं.

"मग मिटलं का?" मी विचारलं.
"नाही," मुलगी म्हणाली.
"पण शेवटी दोघं एकदमच बोलत होते.
नंतर खड्डा खणायला तोच आला पहिला.
खणतानासुद्धा म्हणत होता, पट्टी माझीच आहे."

तेवढ्यात पाण्यावरून रिमचा आवाज आला.
बारिग्ये उठला, फळीवरचा चमचा घेतला,
आणि खोलीच्या मध्यावर थांबला.
आम्ही दोघींनी दुसरीकडे बघितलं.
त्यानं चमचा नेऊन धुतला,
स्वच्छच होता, तरी राख लावून धुतला,
आणि पालथा घातला.

फॉर्मवर एक रकाना आहे: न घेतलेल्या मात्रांचं कारण.
विस्मरण, उलटी, औषध संपले, इतर.
मी इतरवर खूण केली
आणि पुढं लिहिलं: भाऊ आला होता.
कार्यालयात विचारतील. विचारू देत.

परतताना धुकं विरलेलं.
नावाडी वल्हं मारता मारता बाटलीकडे बघत होता.
"रिकामी असेल तर द्या," म्हणाला,
"बायकोला मीठ ठेवायला हवीय."
"नाही रे," मी म्हटलं,
"अजून आहे हिच्यात."